उजवा पट्टा

शुक्रवारी संध्याकाळी मशिनी बंद होत होत्या तेव्हा सत्यजीत सर सॅम्पल रूमच्या दारात आले आणि मला म्हणाले, "प्रतिभाताई, उद्या मोनालीबरोबर डोंगरावर तुम्ही पण जा. टेस्टला एक नॉर्मल माणूस लागतो." एवढं बोलून ते फोन कानाला लावत निघूनही गेले. दिव्याच्या बटणाकडं नेलेला माझा हात तिथंच राहिला. नॉर्मल माणूस. शिक्रापूरच्या आमच्या कारखान्यात ट्रेकिंगच्या बॅगा आणि तंबू शिवले जातात, आणि कुठल्याही नव्या बॅगेचा पहिला नग ज्या खोलीत तयार होतो त्या खोलीत मी अकरा वर्षं बसते आहे. या अकरा वर्षांत इथून बाहेर गेलेल्या प्रत्येक बॅगेचा पहिला टाका माझ्या सुईचा. आणि आता माझी निवड झाली होती ती कशासाठी, तर जिला बॅगेतलं काही कळत नाही, जिचे गुडघे दुखतात, जी चढावर धापा टाकते, अशी कुणीतरी हवी म्हणून. चौकातल्या ट्रकांच्या आवाजातून राहत्या खोलीवर चालत जाताना मी तो शब्द मनात घोळवत राहिले. सरांनी तो वाईट हेतूनं वापरला नव्हता हे कळत होतं, आणि म्हणूनच तो जास्त लागला. पण त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट हलली होती. तिच्याकडं मी आदल्या दिवसापासून बघायचं टाळत होते. उद्या डोंगर चढताना मोनालीच्या पाठीवर जी बॅग असणार होती, तिच्या उजव्या पट्ट्यात खोट होती. मला ती माहीत होती, कारण ती मीच ठेवली होती.

मोनाली आमच्याकडं येऊन चौदा महिने झाले होते. शिरूरची पोरगी, घरी बागायती ऊस, वडील सोसायटीचे चेअरमन. पुण्यात डिझाइनचा कोर्स करून आली आणि आल्या दिवसापासून वस्तू कमी करत सुटली. मी शिकले होते ते घालायला. ताण येईल तिथं आणखी एक पट्टी, कोपऱ्याला आणखी एक थर, बकलच्या मागं आणखी एक शिवण. माझ्या हातची बॅग फाटली असं अकरा वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. ही पोरगी तीच बॅग टेबलावर उताणी टाकायची, बोटानं दाबत दाबत जायची आणि म्हणायची, "ताई, इथं ताणच नाही, मग इथं कापड कशाला?" की लगेच कात्री. वाईट हे की तिचं बरोबर असायचं. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत उरल्यासुरल्या तुकड्यांतून मीही घरी एक हलकी बॅग शिवली होती, नऊशे चाळीस ग्रॅमची. सरांनी ती हातात घेऊन "छान आहे" म्हटलं आणि कपाटावर ठेवून दिली. आता तिच्यात तुटक्या चेनी टाकतात. मोनालीची नवी बॅग काट्यावर ठेवली तेव्हा आकडा पाचशे ऐंशीवर थांबला आणि खोलीतल्या सगळ्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जरा जास्तच वेळ. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो जेवता जेवता म्हणाला, "पोरगी हुशार हाय मग." मी त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि आत जाऊन पाण्याचा नळ मोठा सोडला.

तिचं नेमकं काय मला हवं होतं हे आजही धड सांगता येत नाही. तिची नोकरी नको होती, तिचं घर नको होतं. ती खुर्चीवर एक पाय वर घेऊन बसायची. बोलण्याआधी आजूबाजूला बघायची नाही. सरांना सरळ "नाही" म्हणायची आणि मग चहा प्यायची, जणू काही झालंच नाही. मला कुणाला नाही म्हणायचं असलं की दोन दिवस आधीपासून मी मनात वाक्यं जुळवते. ती हसली की मान मागं टाकून हसायची आणि मला तिचा गळा दिसायचा, स्वच्छ, त्यावर कसलंच ओझं नसलेला. मी तिच्याकडं फार बघते हे एकदा रुपालीच्या लक्षात आलं होतं. रुपाली माझ्या शेजारच्या मशीनवर बसते. तिनं विचारलं, "ताई, तुम्हाला तिचा राग येतो का ओ?" मी म्हटलं, "राग कशाला यंल? लेकीसारखी हाय." हे खोटं होतं, आणि रागापेक्षा वेगळं काहीतरी होतं. राग आला असता तर तो एखाद्या दिवशी उतरलाही असता.

ते गुरुवारी झालं. दुपारपासून माझं डोकं ठणकत होतं. नव्या बॅगेचा पक्का नग मी शिवत होते. तो पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक कंपनीकडं जायचा होता. खांद्याचे पट्टे बॅगेच्या पाठीला जिथं जोडतात तिथं सगळा भार येतो. तिथं नुसती सरळ शिवण पुरत नाही, तिच्यावर दाट, एकमेकाला चिकटून आडवे टाके घालावे लागतात. त्याला आम्ही बारटॅक म्हणतो. प्रत्येक पट्ट्याला तीन. त्याची मशीन वेगळी आहे, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, उठून जावं लागतं. डावा पट्टा मी जेवणाआधीच करून आणला होता. उजव्याला सरळ शिवण मारली आणि उठणार तेवढ्यात माझ्या पाठीमागं सर मोनालीला म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून ही खोली तूच बघ." मोनाली म्हणाली, "अहो सर, ताई असताना मी?" सर हसले. "ताईंना कुठं हव्यात असल्या भानगडी? त्या आहेतच मदतीला." मी वळून बघितलं नाही. माझा पाय पायडलवर होता, तो मला दुसऱ्याच कुणाचा वाटला. उठायचं होतं, मी उठले नाही. अस्तराची पट्टी त्या जागेवर दुमडली, वरून एक शिवण मारली आणि सगळं झाकून टाकलं. बाहेरून दोन्ही पट्टे सारखे दिसत होते. विसरलं असं मी तेव्हाही स्वतःला सांगितलं नाही. माझ्या डोळ्यासमोर चित्र होतं ते एवढंच की गिऱ्हाइकाच्या थंडगार ऑफिसात कुणीतरी बॅग उचलतं, पट्टा उसवतो, आणि मोनालीचं तोंड उतरतं. त्या चित्रात डोंगर नव्हता. बॅग पाठवण्याआधी आपण एक रात्र डोंगरावर वापरून बघू, हे मोनालीनं काढलं शुक्रवारी दुपारी, आणि सरांना पटलं.

शनिवारी आम्ही तिच्या स्कुटीवरून निघालो. तळेगाव ढमढेऱ्यावरून राहू, तिथून खुटबाव, मग यवत, आणि पुढं भुलेश्वराच्या बाजूची डोंगररांग. माझ्या पाठीवर कारखान्याची जुनी जड बॅग होती, नवी तिनं पायाशी ठेवली होती. दोन्हींत सामान तेवढंच, आठ-आठ किलो, काट्यावर तोलून भरलेलं. आज नवी बॅग ती नेणार, उद्या उतरताना मी. थंडीचे दिवस होते, गुऱ्हाळं पेटली होती आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काकवीचा वास होता. खुटबावात शिरताना तिनं आरशातून विचारलं, "ताई, तुमचं माहेर ना हे? थांबायचं का? चहा घेऊ." मी म्हटलं, "नको, उशीर हुईल." खरं म्हणजे मला ती आमच्या अंगणात नको होती. माझ्या आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिचं कौतुक केलं असतं. आईनं तिला गूळ-शेंगदाणे दिले असते आणि म्हटलं असतं, बघ कशी धीट पोरगी हाय. आणि मोनालीनं ते मन लावून ऐकलं असतं, तेवढंच मन लावून जेवढं ती सगळं ऐकते.

स्कुटी पायथ्याशी एका टपरीवाल्याकडं लावून आम्ही चढायला लागलो. घाटाची डांबरी सडक सोडून ती मला सोंडेवरच्या गुरांच्या वाटेनं घेऊन गेली. ती पुढं, मी मागं. दर अर्ध्या तासानं थांबून ती वही काढायची. "ताई, खांद्याला कुठं टोचतंय? कमरेला भार कितपत वाटतोय? खरं सांगा हां, तुम्ही सांगाल तेच मी लिहिणार." जुन्या बॅगेची कड माझ्या मानेखाली चांगलीच काचत होती. मी म्हटलं, "कुठं न्हाई. झ्याक हाय." ती जुनी बॅग माझी होती, मी घडवलेली, आणि ती काचते हे मी तिच्या वहीत लिहू देणार नव्हते. तिनं माझ्याकडं जरा बघितलं आणि लिहिलं. मग पुन्हा पुढं चालू लागली आणि माझी नजर पुन्हा त्या उजव्या पट्ट्यावर गेली. चढताना मी डोंगर बघितलाच नाही. गवत वाळून पिवळं झालं होतं, कुठंतरी होले घुमत होते, पण हे सगळं मला तिच्या खांद्याच्या कडेनं, पुसट दिसत होतं. मधे होता तो पट्टा. तिनं पाऊल वर टाकलं की तो ताठ व्हायचा, पाऊल टेकलं की सैल व्हायचा. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता. प्रत्येक वेळी तो धरून राहायचा. दोन-तीन वेळा तर मला मनातून उलट प्रश्न पडला, हिचं सगळं नीटच कसं होतं? खोट घातलेली बॅगसुद्धा हिच्या पाठीवर कशी टिकते?

अर्ध्याच्या वर एक जागा आली. तिथं वाट कड्याच्या अंगानं जाते. दोन पावलांची रुंदी, उजवीकडं खडक, डावीकडं काही नाही. खाली खूप खोल बाभळींचे शेंडे. अंतर फार नव्हतं, वीसेक पावलांचं. उजवा पट्टा सुटला तर सगळा भार एकदम डाव्या खांद्यावर जाणार होता, म्हणजे दरीच्या बाजूला. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. भार कुठून कुठं जातो हेच माझं काम. तिनं खडकाला हात लावला आणि पाऊल टाकलं. मी हाक मारली, "मोनाली." ती थांबली, तिथंच, मान वळवून. "काय ओ ताई?" माझ्या तोंडात ते वाक्य आलेलं होतं. बॅग काढ, एवढंच म्हणायचं होतं, कारणही सांगायला नको होतं. तिचा चेहरा घामानं चमकत होता आणि ती हसत होती, कारण तिला वाटलं मी घाबरले. "हात देऊ का?" तिनं विचारलं. त्या विचारण्यानं माझं तोंड मिटलं. मी म्हटलं, "न्हाई. सावकाश जा." ती म्हणाली, "तुम्ही पण," आणि ती वीस पावलं चालून पलीकडं गेली. त्या वीस पावलांत माझ्या मनात काय होतं ते मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे. ती पडावी असं नव्हतं. पडू नये असंही ठामपणे नव्हतं. मी श्वास धरून वाट बघत होते, जसं एखाद्या दुसऱ्याच बाईनं केलेल्या कामाचं काय होतं ते बघावं. ती पलीकडं पोचली आणि मला वळून हात केला. मी खडकाला टेकून उभी राहिले आणि कितीतरी वेळ मला पाऊल उचलता आलं नाही. तिला वाटलं, गुडघे.

माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तिनं पोटरीएवढ्या पिशवीतून तंबू काढला, दोन काठ्या उभ्या केल्या, दोऱ्या ओढल्या, आणि दहा मिनिटांत तो उभा राहिला, पातळ, राखाडी, वाऱ्यानं पोट आत-बाहेर करणारा. तोही तिचाच. दोघींना पुरेल असा, किलोच्या आत. खाली दौंड तालुका पसरलेला होता. सोलापूर हायवेची गाड्यांची रांग, भांडगावाकडचे शेड, रेल्वेचा रूळ, उसाचे हिरवे चौकोन आणि गुऱ्हाळांचा धूर. मी खुटबाव ओळखलं. तिला दाखवलं नाही. तिनं छोट्या शेगडीवर खिचडी गरम केली, मला आधी दिली, आणि गुडघे पोटाशी घेऊन म्हणाली, "ताई, रुपाली सांगत होती, तुमच्या घरचे पूर्वी मेंढरं घेऊन याच डोंगरांवरून जायचे. खरं का?" मी घास गिळला. ती पुढं विचारत राहिली, "बायका काय काय उचलायच्या? पोरं कशी न्यायच्या? पाऊस आला तर झोपायचे कुठं? मला ना, हे सगळं तुमच्याकडून ऐकायचंय. आपण जे करतोय ते तुमच्या घरी आधीपासूनच होतं."

ते होतं. सहा वर्षांची असेपर्यंत मी त्या वाटांवर होते. घोड्याच्या पाठीवर भांडी, भांड्यांवर गोधड्या, गोधड्यांवर मी, आणि माझ्या मांडीत दोन दिवसांचं कोकरू, त्याच्या नाकाचा ओला गारवा माझ्या मनगटावर. आई चालताना दोन्ही हात मोकळे ठेवायची. सगळा भार ती कपाळाच्या पट्ट्यावर आणि कमरेवर असा वाटून घ्यायची की डोकं हलायचं नाही. पावसात घोंगडीची खोळ करून ती मला आत घ्यायची, आणि आत लोकरीचा, दुधाचा, आईच्या घामाचा वास असायचा. मग आप्पांनी मेंढरं विकली, पाटाच्या पाण्यावर ऊस लावला, आणि आम्ही घरात राहायला लागलो. मी हे कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. कुणी विचारलंच नव्हतं. आणि आता विचारत होती ती ही. तिनं ते ऐकलं असतं, तिला ते आवडलं असतं, आणि पुढच्या बॅगेत तो कपाळाचा पट्टा आला असता, अधिक हलका, अधिक चांगला, आणि पोरींनी टाळ्या वाजवल्या असत्या. मी म्हटलं, "आमच्याकडं कवाच मेंढरं नव्हती. आप्पा कालव्यावर कामाला व्हते. रुपालीला काय म्हाईत?" मोनाली म्हणाली, "अच्छा," आणि भांडी पुसायला लागली. तिनं विश्वास ठेवला नाही, पण पुन्हा विचारलंही नाही. तिचं तेही मला सहन झालं नाही.

रात्रीचं सांगण्यासारखं फार नाही. वारा सुटला, तंबूचं कापड फडफडत राहिलं, पण कुठं उसवलं नाही. मोनाली आडवी झाली तशी झोपली, लहान पोर झोपतं तशी, तोंड किंचित उघडं ठेवून. मी जागी होते. माझ्या मनात एकच हिशेब चालला होता. उद्या ती बॅग माझ्या पाठीवर असणार, ती वीस पावलं मला चालायची होती. तांबडं फुटायच्या जरा आधी मी उठले, माझ्या पिशवीतून सुई, दोरा आणि उसवायचा आकडा घेतला, नवी बॅग उचलून बाहेर आले आणि एका दगडावर बसले. हे मी तिच्यासाठी करत नव्हते. काल ती बॅग तिच्या पाठीवर असताना मी सुई काढली नव्हती. आज माझ्या पाठीवर येणार म्हणून काढली. हे मला त्या थंडीत अगदी उघड दिसत होतं, आणि तरीही मी सुईत दोरा ओवला.

अस्तराची पट्टी उसवली. आत बोट घातलं. बोटाला काहीतरी जाड, खडबडीत लागलं. पहिल्यांदा मला वाटलं कापड गोळा झालंय. मोबाईलचा उजेड पाडला. उजव्या पट्ट्याच्या शिवणीवर टाके होते. आडवे, दाट, तीन जागी. माझा दोरा काळा होता, हा करडा होता. टाके वेडेवाकडे होते, कुठं एकावर एक चढलेले, कुठं कड सोडून बाहेर गेलेले. बारटॅकच्या मशीनचे ते नव्हते. ती मशीन मोनालीला चालवता येत नाही. साध्या मशीनवर पुढं-मागं, पुढं-मागं, पुन्हा पुन्हा नेऊन तिनं ते घातले होते. एकेका बारटॅकला तिला दहा-पंधरा मिनिटं लागली असणार. शुक्रवारी आम्ही सगळ्या गेल्यावर. मी त्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिले. वाईट काम होतं आणि मजबूत होतं. कालची वीस पावलं, सगळा चढ, माझा धरलेला श्वास, ते सगळं मी एका दुरुस्त केलेल्या बॅगेकडं बघत काढलं होतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला वाटलं ते असं की हिनं माझ्या हातातली एकच गोष्ट, जी पूर्णपणे माझी होती, तीसुद्धा काढून घेतली आणि तीही काही न बोलता.

"दिसलं का?" मागून तिचा आवाज आला. ती तंबूतून डोकं बाहेर काढून, केस विस्कटलेली, माझ्याकडं बघत होती. मग लाजल्यासारखी हसली. "फार घाण शिवलंय ना? शुक्रवारी बॅग भरताना हात लावून बघितलं तर एक बाजू मऊ लागली. तुम्ही गेला होता. म्हटलं, गुरुवारी तुमचं डोकं दुखत होतं, राहून गेलं असेल. सरांना नाही सांगितलं. उगाच बोलले असते तुम्हाला." तिला माझ्या डोक्याचं लक्षात होतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त एकदा कपाळ दाबलं होतं, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाहून तिनं ते बघितलं होतं. मी गप्प बसले असते तर तिथंच सगळं संपलं असतं. ती चहा करणार होती. आम्ही उतरलो असतो, आणि मी जन्मभर तिची ताई राहिले असते, भोळी, विसराळू, नॉर्मल. मी बोलले ते पश्चात्तापानं बोलले असं कुणी समजू नये. मला तिची माफी नको होती.

"मी इसरले न्हवते," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हंजी जाणूनबुजून सोडलं. सर तुला खोली देत व्हते. मी ऐकलं, आन् उठले न्हाई."

ती तंबूतून बाहेर आली. पायांत काही घातलं नव्हतं. "मी काल त्या कड्यावरून गेले," ती म्हणाली, सावकाश, जणू स्वतःलाच सांगत असल्यासारखी.

"व्हय."

"तुम्ही मागं होता. तुम्हाला वाटत होतं की ते तसंच आहे."

"व्हय."

"तुम्ही हाक मारली होती."

"मारली व्हती. सांगणार व्हते. सांगितलं न्हाई."

"का?"

"तू हात देऊ का म्हणालीस," मी म्हटलं. हे तिला कळणार नाही असं वाटलं होतं. तिच्या चेहऱ्यावरून तिला ते कळलं, आणि ती एक पाऊल मागं सरली. मग तिनं तोंडावर हात धरला, बाजूला गेली आणि ओकली. मी पाणी घेऊन उठले तर तिनं न बघता हात आडवा केला. तिचं रडणं मोठं होतं, उघडं, रागानं भरलेलं. आणि मी पाण्याची बाटली हातात धरून उभी होते आणि त्या क्षणीसुद्धा, खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटला. असं रडता येण्याचा.

तिनं तंबू एकटीनं गुंडाळला. नवी बॅग माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "ठरल्याप्रमाणं ही तुम्ही घ्यायची." मी घेतली. ती जुनी बॅग पाठीवर टाकून पुढं चालू लागली. कड्याच्या जागी ती पलीकडं जाऊन थांबली, पण वळली नाही. मी चालले. तिचे वेडेवाकडे टाके माझा भार धरून होते. भार पाठीला असा बसला होता की खांद्यांना काही लागतच नव्हतं. अंग आपलं आपल्याला सापडल्यासारखं. इतकी चांगली बॅग मी आजवर पाठीवर घेतली नव्हती. खाली टपरीशी आल्यावर तिनं दोन्ही बॅगा स्कुटीवर बांधल्या. "तुमचं माहेर जवळ आहे. तुम्ही इथून जा," ती म्हणाली. "सरांना मी काही सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं." आणि ती गेली. मी यवतपर्यंत एका टेम्पोत बसून आले आणि पुढं खुटबावला न जाता दोन गाड्या बदलून शिक्रापूरला खोलीवर आले.

सोमवारी मी सरांना सांगितलं. मोनाली समोर होती. मी उभी राहूनच सगळं सांगितलं, गुरुवारपासून. सर आधी कागद बघत होते, मग त्यांनी वर बघितलं, मग हसायलाच लागले. "अहो ताई, एक बारटॅक राहिला, त्यात एवढं काय? मुद्दाम वगैरे काय म्हणता? तुम्ही आणि मुद्दाम?" मी पुन्हा म्हटलं, मुद्दाम. ते म्हणाले, "तुमची झोप झालेली दिसत नाही. दोन दिवस सुट्टी घ्या." माझ्याच्यानं असं काही होऊ शकेल हे त्यांना खरंच पटत नव्हतं. मी मोनालीकडं बघितलं. त्या खोलीत ती एकटीच होती जिचा माझ्यावर विश्वास होता, मी बोलले ते खरं आहे असा. ती म्हणाली, "सर, तो नग पाठवायचा नाही. माझी त्यात घाण शिलाई आहे. गिऱ्हाइकाकडून दोन दिवस मागून घ्या. नवीन शिवू." सरांनी विचारलं, "आणि शिवणार कोण? ताई तर अशा." मोनाली म्हणाली, "प्रतिभाताईच शिवतील. मी शेजारी बसेन."

ती बसली. कापलेले तुकडे माझ्या मशीनवर ठेवले, स्टूल ओढलं आणि माझ्या उजव्या हाताला बसली, हाताची घडी घालून. पोरी बघत होत्या. रुपालीनं मान खाली घातली. सकाळपासून दुपारपर्यंत मोनालीची नजर माझ्या बोटांवरून हलली नाही. ती पहारा देत होती, त्यात दुसरं काही नव्हतं. माझे कान तापले होते, आणि तिचा तो सरळ कणा, तो स्वच्छ गळा मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होता आणि आत तेच जुनं दुखणं होतं, जराही कमी न झालेलं. जेवणानंतर मी पट्टे घेऊन बारटॅकच्या मशीनकडं उठले तशी तीही स्टूल उचलून मागोमाग आली. मी कापड सुईखाली घेतलं, डाव्या हाताच्या दोन बोटांनी किंचित तिरकं ओढून धरलं. पातळ कापडाला तसं धरावं लागतं, नाहीतर सुई ते खाली ओढून खाते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. "असं तिरकं का ओढता?" तिनं विचारलं. आवाज कोरडा होता, चौकीदाराचा असतो तसा. अकरा वर्षांत या हाताकडं इतक्या जवळून कुणी बघितलं नव्हतं. सांगावंसं वाटलं नाही. मी पायडलवरचा पाय उचलला, कापड मोकळं सोडलं, आणि तिला नीट दिसेल असा हात बाजूला घेऊन ते पुन्हा पहिल्यापासून ओढून धरलं, सावकाश.